जुना बँड, नवं गाणं: वेगवेगळ्या गावांत राहून रेकॉर्डिंग कसं करायचं

कॉलेजातला बँड, फिरोदिया करंडकासारख्या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी जमलेला ग्रुप, गणेशोत्सवात मंडपामागून मंडप गाजवणारा ऑर्केस्ट्रा. दहा-वीस वर्षांनी यातले लोक एका गावात राहिलेले नसतात. पुन्हा एकत्र काही करावं असं सगळ्यांनाच वाटत असतं, आणि आजच्या घरगुती साधनांवर ते नीट होऊ शकतं. तरीही असे बरेच प्रयत्न अर्ध्यावर थांबतात. साधनं कमी पडतात असं फारसं होत नाही. आधी कुणी वाजवायचं, कशावर वाजवायचं आणि शेवटचा निर्णय कुणाचा, हे ठरलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे. स्टेजवर भरपूर वाजवलंय पण घरी कधी रेकॉर्डिंग केलेलं नाही, अशा मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

सोयीसाठी एक ग्रुप धरून चालू. ड्रमर पिंपरीत, बेसवाला बंगळुरूत, कीबोर्डवाला दुबईत, गायिका न्यू जर्सीत आणि गिटारवाला पुण्यात.

एकाच वेळी वाजवण्याचा हट्ट आधी सोडा

सगळ्यांच्या मनात पहिली कल्पना हीच येते की व्हिडिओ कॉल लावू आणि पूर्वीसारखं वाजवू. ते का जमत नाही हे एकदा कळलं की बराच वेळ वाचतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्टेजवर ड्रमर पाच मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुमच्या कानापर्यंत यायला १५ मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर आपण सहज पचवतो. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे मात्र लय ओढली जायला लागते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि गाणं हळूहळू मंदावत जातं. प्रकाशाचा संदेश फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे नुसत्या प्रवासालाच साठेक मिलिसेकंद गेले. केबल सरळ रेषेत जात नाहीत, शिवाय दोन्हीकडच्या संगणकांचा आणि राउटरचा उशीर वेगळा. एका दिशेलाच शंभरच्या वर आकडा जातो. १२० च्या लयीत एका मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तिकडची सम आणि इकडची सम यांच्यात जवळजवळ एक पाव मात्रा पडली. इंटरनेटचा प्लॅन कितीही महाग घ्या, अंतर तेवढंच राहतं.

पिंपरी आणि पुणे, किंवा पुणे आणि मुंबई, एवढ्या अंतरात मात्र हे जमू शकतं. जॅम्युलस आणि सोनोबस ही दोन मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत. दोन्हीकडे चांगलं फायबर कनेक्शन हवं, वायफायऐवजी लॅनची वायर हवी आणि हेडफोन वायरचे हवेत. रिहर्सलपुरतं, चाल सुचवण्यापुरतं हे उत्तम. अंतिम रेकॉर्डिंग तरीही प्रत्येकाने आपल्याच संगणकावर करायचं.

व्हिडिओ कॉल बोलण्यासाठी ठेवा. झूमवर वाद्य ऐकवायचं असेल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सेटिंग चालू करा. नाहीतर त्याला तुमची झांज म्हणजे गोंगाट वाटतो आणि तो ती पुसून टाकतो. वेळ एकदाच ठरवा. भारतात शनिवारी रात्री आठ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा आणि दुबईत संध्याकाळचे साडेसहा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग तिकडे साडेनऊ होतात. शनिवारी सकाळी तिकडे मुलांचे क्लास असतात, हेही विचारून घ्या.

गाणं, सूर आणि कप्तान

एकच गाणं घ्या. आधी अल्बमची घोषणा करू नका. शक्यतो नवीन गाणं घ्या, तीन-चार मिनिटांचं. जुनं गाजलेलं गाणं पुन्हा केलं तर प्रत्येकाच्या डोक्यात त्याचं वेगळं रूप पक्कं असतं, आणि चर्चा गाण्यावरून आठवणींवर जाते. नव्या गाण्यात सगळेच नवे असतात.

मग सूर. ही गोष्ट गायिकेला सगळ्यात आधी विचारा. वीस वर्षांत आवाज खाली उतरलेला असतो आणि ते सांगायला माणूस संकोचतो. पूर्वी काळी पाचमध्ये सहज गाणारी आता काळी चारमध्ये खुलत असेल तर गाणं काळी चारमध्येच व्हायला हवं. तिने तानपुरा ॲप लावून मुखडा आणि अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा दोन-तीन पट्ट्यांत म्हणून फोनवर पाठवावी. निर्णय त्यावर घ्या. गिटारवाल्याचा तुकडा मोकळ्या तारांवर बांधलेला असेल तर पट्टी बदलल्यावर तो कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारी पकड) लावून किंवा तारा उतरवून वाजवावा लागेल, हे त्यालाही आत्ताच कळलं पाहिजे.

ग्रुपमध्ये हार्मोनियम असेल तर ट्यूनर ॲपवर तिचा सूर मोजा. पेटी बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापात बसत नाही. ती ४४२ ला असेल तर साधारण आठ सेंटचा (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) फरक पडतो. एकटी वाजताना तो कळत नाही, कीबोर्डबरोबर मात्र सतत टोचत राहतो. पेटी बदलता येत नाही. कीबोर्ड आणि गिटार दोन मिनिटांत पेटीच्या सुराला आणता येतात. तेव्हा पेटीला मान द्या.

तिसरी गोष्ट कप्तानाची. प्रत्येक गाण्याला एक कप्तान, म्हणजे शेवटचा निर्णय घेणारा माणूस, असावा. जुन्या मित्रांमध्ये हे अवघड जातं, कारण त्या काळी सगळं भांडून ठरायचं आणि त्यात मजा होती. पण ते भांडण समोरासमोर, चहा पीत, पाच मिनिटांत मिटायचं. ग्रुपवर लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो. ‘बेस जरा जास्त होतोय’ हे वाक्य बंगळुरूत रात्री अकरा वाजता कसं वाचलं जाईल ते सांगता येत नाही. म्हणून सूचना सगळ्यांनी द्यायच्या, पण कप्तानाकडे, आणि त्याने त्या एकत्र करून फोन करून सांगायच्या. पुढच्या गाण्याला कप्तान दुसरा.

सांगाडा

आता कप्तानाचं पहिलं काम. संगणकावर गाण्याचा सांगाडा तयार करायचा, म्हणजे लय ठरवायची, क्लिक (लयीची टिक-टिक) लावायचा आणि त्यावर गिटार किंवा कीबोर्ड आणि गुणगुणलेली चाल एवढंच भरायचं. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. मॅकवर आणि आयफोनवर गॅरेजबँड मोफत आहे. बँडलॅब ब्राउझरमध्येही चालतं. विंडोजवाल्यांना मी रीपर सुचवेन, ते ६० दिवस मोफत वापरून पाहता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. सगळ्यांकडे एकच सॉफ्टवेअर असण्याची गरज नाही, कारण आपण एकमेकांना प्रोजेक्ट पाठवणार नाही, आवाजाच्या साध्या फाइली पाठवणार आहोत.

क्लिकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी वाद्यं याच्यावर उभी राहतात. नुसत्या टिक-टिकवर वाजवताना स्टेजवाले कलाकार आखडतात. दादरा असेल तर सहा मात्रांचा साधा तबल्याचा लूप लावा, केरवा असेल तर आठांचा. समेवर थोडा जोर असू द्या. वाजवणाऱ्याला ठेका ऐकू आला की हात मोकळा होतो. दुसरं, पूर्ण गाणं एकाच आकड्यावर बांधायलाच हवं असं नाही. तुमचा बँड अंतऱ्यात थोडा पुढे सरकायचा असेल तर तिथे लय एक-दोन आकड्यांनी वाढवा. एखादं जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग असेल तर त्यात मुखड्याची आणि अंतऱ्याची लय मोजून पाहा. तुमची खरी चाल तिथे सापडेल.

सुरुवातीला दोन आवर्तनं मोकळी मोजणी ठेवा, गाणं संपल्यावरही थोडी ठेवा. मग दोन फाइली काढा, एक क्लिकसकट आणि एक क्लिकशिवाय. सोबत एका पानावर लय, पट्टी, सुराचं माप, गाण्याची रचना (मुखडा कुठे, म्युझिक पीस कुठे, किती मात्रांचा) आणि कॉर्ड्स लिहून पाठवा.

या फाइली एमपीथ्री करून पाठवू नका. एमपीथ्री तयार होताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, आणि काही सॉफ्टवेअर ती काढतात, काही तशीच ठेवतात. वीस-पंचवीस मिलिसेकंदांचा तो फरक पुढे कुणालाच सापडत नाही, फक्त ‘काहीतरी बसत नाहीये’ असं वाटत राहतं. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, हे सगळ्यांनी ठरवून टाका. ४४.१ सुद्धा चालेल, पण सगळ्यांचं एकच. ४८ ची फाइल ४४.१ समजून वाजली तर पाच मिनिटांचं गाणं जवळजवळ साडेपाच मिनिटांचं होतं आणि सूर दीड पट्टी खाली जातो.

घरातलं रेकॉर्डिंग

प्रत्येकाकडे किमान तीन गोष्टी हव्यात: एक-दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य संगणकाला जोडणारी पेटी), एक माइक आणि वायरचे बंद हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन इथे अजिबात चालत नाहीत, त्यांत दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो. माइक कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक, हा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये, जिथे खाली रिक्षा आणि वर कुकरची शिट्टी आहे, तिथे मी डायनॅमिकच सांगेन. श्युअरचा एसएम ५७ किंवा ५८ कुणाकडे तरी जुन्या दिवसांतला पडलेलाच असतो, तो चालेल. कंडेन्सर शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा टिपतो. शांत खोली असेल तर मात्र गाण्यासाठी आणि बासरीसाठी कंडेन्सर छान. त्याला इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं.

वाजवताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण वापरा. आवाज मग संगणकात न जाता थेट कानात येतो.

पातळी कमी ठेवा. सगळ्यात जोरात वाजवाल तेव्हा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. कॅसेटच्या काळात सुई लालच्या जवळ नेण्याची सवय होती. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. २४ बिटमध्ये हळू आलेला आवाज नंतर बिनधास्त वाढवता येतो.

गाताना पंखा बंद, एसी बंद. गायिकेच्या मागे गोधडी किंवा जाड रजई टांगा, कपड्यांचं कपाट उघडून ठेवा. भिंतीवरून परत येणारा आवाज मुख्यतः तिच्या पाठीमागून माइकमध्ये शिरतो, म्हणून गोधडी मागे हवी. माइकपासून एक वीत अंतर, मध्ये पॉप फिल्टर (तोंडातून येणारी फुंकर अडवणारी जाळी). गिटार किंवा बेस थेट वायरने जोडल्यावर घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेऊन पाहा, अनेकदा तेवढ्यानेच जातो.

गिटारवाल्याने दोन ट्रॅक द्यावेत, एक त्याच्या आवडत्या आवाजाचा आणि एक थेट वायरचा कोरा. बाकी कुणीही रिव्हर्ब (खोलीचा घुमारा), एको लावून फाइल पाठवू नये. ऐकताना लावा, पाठवताना काढा. तबल्याला दोन माइक असतील तर एक चाटीकडे, एक डग्ग्याकडे. एकच असेल तर दोघांच्या मध्ये, हात-सव्वा हात वर. तबला गाण्याच्या पट्टीला मिळवलाय ना, हे रेकॉर्डच्या आधी आणि दोन टेकच्या मध्येही पाहा.

ड्रमचा प्रश्न वेगळा आहे. पिंपरीतल्या सोसायटीत ॲकूस्टिक ड्रम वाजवणं शक्य नाही. इलेक्ट्रॉनिक किट असेल तर आवाजाबरोबर मिडीची फाइलही (कुठला ठोका कधी आणि किती जोरात, याची नोंद) द्या, म्हणजे मिक्सवाल्याला, सगळे ट्रॅक एकत्र बसवणाऱ्याला, ड्रमचा आवाज बदलता येतो. खरेच ड्रम हवे असतील तर सगळ्या खर्चात हा एक खर्च करण्यासारखा आहे. एक दिवस स्टुडिओ घ्या. घरगुती सरावातून आलेला ड्रमर तिथे चार तासांत गाणं पूर्ण करू शकतो, कारण सांगाडा त्याच्या हातात आठवडाभर असतो.

कुणाकडे फक्त फोन असेल तर त्यालाही वगळू नका. त्याने सांगाडा दुसऱ्या फोनवर लावून इअरफोनने ऐकावा. सुरुवातीची मोजणी चालू असताना एक इअरफोन रेकॉर्ड करणाऱ्या फोनच्या माइकजवळ धरावा आणि गाणं संपल्यावरच्या मोजणीलाही तसंच करावं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, पाच मिनिटांत दहा-पंधरा मिलिसेकंदांनी सरकू शकतात. दोन्ही टोकांना खूण असली की कप्तानाला ती फाइल ओढून बरोबर बसवता येते.

फाइली पाठवणं

एक नियम पाळा. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, मग तुमची बासरी तिसऱ्या मिनिटाला का येईना. समोरचा ती फाइल डावीकडे टेकवतो आणि काम संपतं. एका मोनो फाइलचं वजन मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतं, म्हणजे चार मिनिटांची फाइल ३५ एमबीची. गुगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीमध्ये एक गाणं आरामात मावतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो.

फाइलच्या नावात गाणं, वाद्य, वाजवणारा, लय आणि आवृत्तीचा क्रमांक असू द्या. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावं नकोत. आणि टेक निवडून पाठवा. सगळेच टेक कप्तानाच्या माथी मारणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं. एक पक्का टेक, एक दुसरा पर्याय आणि एक मोकळा, म्हणजे मनाला येईल तसा वाजवलेला. अनेकदा गाण्यात शेवटी तोच जातो.

दुसरी फेरी

नेहमीचा क्रम असा: सांगाड्यावर ड्रम किंवा तबला, मग बेस, मग कीबोर्ड आणि गिटार, मग गाणं, शेवटी सोलो. इथे बहुतेक जण थांबतात आणि मिक्सला देतात. मला वाटतं इथेच खरं काम सुरू होतं.

पहिल्या फेरीत ड्रमरने काय ऐकलं होतं? क्लिक, एक गिटार आणि कप्तानाचं गुणगुणणं. गायिकेने अंतऱ्याच्या शेवटच्या शब्दावर जो श्वास घेतला, तो त्याला माहीतच नव्हता. स्टेजवर त्याने तो पाहिला असता आणि रोल तिथे अडवला असता. बँडचा बँडपणा या प्रतिसादात असतो. दूर राहून वाजवताना नेमका तोच हरवतो, आणि फाइली कितीही स्वच्छ असल्या तरी गाणं जोडल्यासारखं वाटतं.

म्हणून सगळे ट्रॅक आल्यावर एक कच्चा मिक्स काढा, त्यात क्लिक पूर्ण बंद ठेवा आणि तो परत ड्रमरकडे पाठवा. त्याने आता गायिकेला ऐकत पुन्हा वाजवावं. मग बेसवाल्याने त्या नव्या ड्रमवर. कीबोर्डवाल्याने पहिल्या फेरीत रिकामी जागा पाहून जे भरलं होतं, त्यातलं अर्धं आता त्याला स्वतःलाच काढावंसं वाटेल. गायिकेलाही मुखडा पुन्हा म्हणू द्या, कारण पहिल्यांदा ती गुणगुणण्यावर गायली होती आणि आता तिच्या मागे तिचा बँड आहे. यात दोन-तीन आठवडे जादा जातात. ते द्या. तुम्ही एकमेकांबरोबर वर्षानुवर्षं वाजवलंय, कोण कुठे थांबतो हे तुमच्या हातांना माहीत आहे. भाड्याने आणलेल्या वादकांकडे हे नसतं. त्या ओळखीला गाण्यात यायला दुसरी फेरी लागते.

तिसरी फेरी मात्र करू नका. सुधारणांना अंत नसतो.

जुन्या कॅसेटमधला आवाज

ग्रुपमधला कुणी आज हयात नसेल, किंवा जुन्या रिहर्सलच्या कॅसेटमधला एखादा तुकडा नव्या गाण्यात हवा असेल, तर तेही आता करता येतं. बीटल्सच्या हयात असलेल्या दोघांनी २०२३ साली जे गाणं प्रसिद्ध केलं, त्यात जॉन लेननचा आवाज १९७० च्या दशकातल्या घरगुती कॅसेटमधला आहे. १९९५ साली त्यांनी तेच गाणं करून पाहिलं होतं, पण पियानो आणि आवाज वेगळे काढता आले नाहीत म्हणून सोडून दिलं. पुढे मशीन लर्निंगने ते वेगळे झाले. त्या प्रकारची मोफत साधनं आज आहेत, डेम्यूक्स त्यातलं एक. कॅसेटचा वेग थोडा कमी-जास्त असतो, त्यामुळे आवाज दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी मिळेल. तो आधी सुराला आणा, मग सांगाडा बांधा. त्यांच्या घरच्यांची परवानगी सगळ्यात आधी घ्या.

मिक्स

मिक्स शक्यतो बँडबाहेरच्या माणसाकडून करून घ्या. बँडमधल्याने केला तर त्याचं वाद्य मोठं राहतं, त्याचा हेतू तसा नसला तरी. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, सगळे ठोके ओढून ग्रिडवर, म्हणजे लयीच्या आखीव रेघांवर, बसवू नकोस. आमचा बेस ड्रमच्या किंचित मागे असतो आणि तो तसाच हवाय. दुसरं, पाच घरांत पाच खोल्यांचा आवाज आलाय, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच छोट्या खोलीचा रिव्हर्ब थोडा थोडा दे. तेवढ्याने मंडळी एका ठिकाणी बसल्यासारखी वाटतात.

तपासताना हेडफोनवर, गाडीत आणि साध्या फोनवर ऐका. सूचना मिनिट-सेकंद लिहून द्या: ‘१:४२ ला गिटार मागे’. दुरुस्त्यांच्या दोन खेपा आधीच ठरवून ठेवा.

प्रसिद्ध करण्याआधी

हिशेबाचं बोलणं गाणं सुरू होताना करायचं असतं. निदान प्रसिद्ध करण्याआधी तरी कागदावर आणा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. चाल बांधणारा संगीतकार धरला जातो. बेसचा सुंदर तुकडा वाजवल्याने बेसवाल्याला चालीत आपोआप वाटा मिळत नाही. तुमच्या बँडमध्ये सगळं सगळ्यांचं असं मानायची पद्धत असेल तर तसं लिहा, टक्के टाका, सगळ्यांनी सह्या करून स्कॅन ठेवा. गीतकार आणि संगीतकारांनी त्यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्यत्व घ्यावं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणारे वितरक आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा बारा अक्षरी क्रमांकही देतात. खातं कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड आणखी कुणाकडे आहे, हेही त्या कागदावर असू द्या.

श्रेयनामावलीत प्रत्येकाचं नाव, वाद्य आणि जिथे रेकॉर्ड केलं ते गाव लिहा. सगळ्या कोऱ्या फाइली दोन हार्ड डिस्कवर आणि एका क्लाउडवर ठेवा. मिक्सवाल्याकडून मुख्य मिक्सबरोबर गायिकेच्या आवाजाशिवायचा ट्रॅक आणि प्रत्येक वाद्य वगळलेला एकेक ट्रॅकही आत्ताच काढून घ्या. कधी चौघंच एका गावात जमले आणि स्टेज मिळालं, तर पाचव्याचं वाद्य त्यातून वाजवता येईल.